बाईचा चेहरा

"बाई ज्या घरात राहील त्या घरात मी राहणार नाही," असं वत्सलाबाई बोलून गेल्या आणि त्या दुपारपासून घरातलं बोलणंच आटलं.

दिवाळी झाली की किशोर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता. भांडी वाटून झाली होती, देवघरातले टाक वाटून झाले होते. नानांची खुर्ची दोन्ही सुनांना नको होती, म्हणून ती दत्तूमामांना द्यायची ठरली. राहिली होती ती आई. ती पेठ नाक्याची ही जागा, खाली बँडची खोली आणि वर दोन खोल्यांचं घर, कधी सोडणार नाही, असं थोरल्या सोमनाथने धरूनच ठेवलं होतं. त्याने तिला विचारलंसुद्धा नाही. किशोरने विचारलं, आणि हे उत्तर मिळालं.

बाई म्हणजे नानांचा सॅक्सोफोन. नानांनी, म्हणजे वत्सलाबाईंचे यजमान पुंजाराम मास्तरांनी, तो सत्तेचाळीस साली देवळाली कॅम्पात एका गोऱ्या बँडवाल्याकडून घेतला होता. पलटण बोटीवर चढायच्या घाईत होती आणि मास्तर तेव्हा तिथल्या मेसमध्ये कपबशा विसळणारा मुलगा होता. भोंग्यावर पंचकोनी चौकटीत एका मडमेचं चित्र कोरलेलं होतं, कापलेले केस, उघडे खांदे, सरळ नाक. त्या चित्रावरून वाद्याचं नाव पडलं बाई. पुढे सगळ्या पंचवटीने तेच नाव उचललं. मास्तर आज बाई आणणार का, मास्तरांची बाई आजारी आहे, बाईला थंडी बाधते, असं लोक भर चौकात हसत विचारायचे आणि नानाही हसून उत्तरं द्यायचे.

हसत नव्हत्या त्या एकट्या वत्सलाबाई. छप्पन साली सटाण्याकडून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात नणंदेने, नवसाबाईने, पेटी उघडून चित्र दाखवलं आणि पदर तोंडाला लावून सांगितलं, "पुंजानं लग्नाआधीच बाई ठेवली बरं का. देवळालीची मडम. तू दुसरी." नवसाबाईला थट्टेचं व्यसन होतं, हे नव्या सुनेला कोण सांगणार? तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, ही कोण. नाना वाद्य पुसत होते. वर न बघता म्हणाले, "ही माझी बाई." झालं. एवढ्या तीन शब्दांवर वत्सलाबाईंनी जन्म काढला.

त्यांनी भांडण केलं नाही. भांडायला समोर माणूस लागतो, आणि मडम कधीच विलायतेला निघून गेलेली. त्यांनी दुसरं केलं. नाना रोज तिन्हीसांजेला मागच्या दाराशी बसून वाजवायचे. ते बसले की इकडे वत्सलाबाई स्टोव्हला पंप मारायच्या. स्टोव्ह असा भणाणायचा की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. तेवढ्याने भागलं नाही तर धुतलेले कपडे पुन्हा बादलीत घालून घाटावर जायच्या. नात्यातल्या लग्नांत नानांचा बँड असला की सगळ्या बायका वरात बघायला पुढे धावायच्या आणि मास्तरीणबाई मागे आचाऱ्यांजवळ पुऱ्या लाटत बसायच्या. लोक म्हणायचे, किती कामसू. सूर कानावर पडायचे, कानांना काही दारं नसतात. पण पडलेलं आत घ्यायचं नाही ही विद्या त्या शिकल्या, आणि एकोणचाळीस वर्षांत त्यात इतक्या तरबेज झाल्या की पंच्याण्णव साली नाना गेले तेव्हा घरात नेमकं काय थांबलं हे त्यांना इतरांच्या रडण्यावरून समजून घ्यावं लागलं.

आणि खंडेनवमी. कारागिराच्या घरी त्या दिवशी हत्यारं पुजतात, बँडवाल्यांच्या घरी वाद्यं. नानांची सक्त ताकीद होती, बाईला फक्त मऊ फडकं लावायचं, चिंच नाही, लिंबू नाही, तांबटाचं दुकान तर अजिबात नाही. वत्सलाबाईंनी ती तंतोतंत पाळली, फक्त चेहऱ्यापुरती सोडून. पूजेआधी वाद्य मांडीवर घ्यायचं, चिमटीत चुलीतली राख घ्यायची आणि अंगठ्याने मडमेचं तोंड घासायचं. पहिलं नाक गेलं. मग डोळे गेले. दुष्काळाच्या साली हनुवटी गेली. ऐंशीच्या सुमाराला केस, खांदेही जाऊन नुसती चौकट राहिली आणि चौकटीत गुळगुळीत पिवळा डाग राहिला. त्यानंतरही त्या घासत होत्या, नाना गेल्यावरही, सवयीने. घरातल्यांना ती भक्ती वाटायची. आई बाईला देवीसारखी न्हाऊ घालते, असं सोमनाथ पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा.

आता दोन हजार तीन उजाडलं होतं. वराती डीजेच्या गाड्यांमागून चालत होत्या, आणि दोन वर्षांपूर्वी सोमनाथच्या तोंडावरून वारं गेलं होतं. ओठाचा डावा कोपरा अजून नीट मिटत नव्हता. सॅक्सोफोनची चोच त्या ओठांत धरली की बाजूने हवाच निघून जायची. त्याच्यामागे घरात वाजवणारं कुणी नव्हतं. तरी बाई विकायची नाही यावर तो ठाम होता. किशोर म्हणायचा, पेटीत कुजवण्यापेक्षा कुणाला तरी दे. भाऊ दोन बाजूंना होते, आणि आई काल उघडउघड धाकट्याच्या बाजूला जाऊन बसली. सोमनाथला लागलं ते याचं. त्याच संध्याकाळी त्याने बाईची चौकशी करून गेलेल्या शरणपूरच्या रणपिसे सरांना निरोप धाडला, नवमीला या, काय ते ठरवून टाकू. म्हणजे आईपायी त्याने बाई सोडली, आणि का सोडावी लागतेय हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

शामुवेल रणपिसे जेवणं झाल्यावर आले. शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला माणूस, तीस वर्षं मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत सॅक्सोफोन वाजवला. नंतर एकटा कीबोर्डवाला सगळी वाद्यं काढायला लागला तसे घरी परतले. गणपतीत ते बँडच्या खोलीत डोकावले होते आणि मास्तरांची बाई अजून आहे हे ऐकून तिथेच बाकावर बसले होते.

आज खोलीत झेंडूच्या माळा होत्या, ढोलांवर हळदीकुंकू होतं. सोमनाथ, किशोर, सोमनाथची बायको मीना आणि नानांचा जुना साइड ड्रमवाला दत्तू असे सगळे सतरंजीवर बसले. वत्सलाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकल्या. त्यांना बाई एकदाची दाराबाहेर गेलेली बघायची होती.

रणपिसेंनी वाद्य हातात घेतलं पण तोंडाला लावलं नाही. ते आधी उलटं केलं, मागचा नंबर अंगठ्याने पुसून वाचला. मग एकेक चावी उचलून खालच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या कडा धारदार नव्हत्या, बाहेर गोल वळवलेल्या होत्या. असं काम कंपनीने पुढे बंद केलं, ते म्हणाले, खर्च फार यायचा. मग ते बराच वेळ नुसतं पितळेकडे बघत राहिले.

"हिला पॉलिश कधी मारलंच नाही?"

किशोर जरा ओशाळला. त्याला वाटलं, कळकट दिसतंय असं म्हणायचंय. तो म्हणाला की विकायची ठरल्यावर तांबटाकडे नेऊन चकचकीत करून आणायचा विचार होता, पण वेळ झाला नाही.

"देवानं वाचवलं," रणपिसे म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. अशी वाद्यं हिंदुस्थानात पुष्कळ आली होती, पलटणींबरोबर, हॉटेलांतल्या बँडांबरोबर. लग्नसराई आली की आपले लोक ती तांबटाच्या चाकावर धरायचे, वर निकेल चढवायचे. दर वेळी पत्रा पातळ व्हायचा, नंबर पुसला जायचा, आणि आवाजही पहिल्यासारखा राहायचा नाही असं जुने वादक म्हणायचे. कंपनीचा मूळ मुलामा अंगावर असलेलं वाद्य आज शोधून सापडत नाही. परदेशात असा नग दिसला की संग्रह करणारे हातातलं काम टाकून येतात. त्यांना तो मुलामा हवा असतो, नंबर हवा असतो. आपल्याला कपाट भरायचं नाही, आपल्याला या जातीचा खालचा सूर हवाय, भरदार, नवीन वाद्यात न येणारा, असं म्हणत त्यांनी भोंगा आपल्याकडे वळवला आणि ते थांबले.

"अरे, इथली बाई कुठं गेली?"

दत्तू खाली बघायला लागला. सोमनाथ अडखळत, पण अभिमानाने म्हणाला, "आईनं घासली, सर. दर नवमीला. देवीसारखं करायची तिचं."

रणपिसे हळहळले. संग्रहवाले पहिल्यांदा हेच कोरीवकाम बघतात, त्यांनी सांगितलं, बाई जितकी ठसठशीत तितकी त्यांची मागणी. तेव्हा जिन्यावरून प्रश्न आला.

"तुम्हाला काय माहीत तिथं बाई होती?"

सगळे वळले. वत्सलाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"असतेच वहिनी. कॉन कंपनीच्या या मॉडेलवर असतेच," रणपिसे म्हणाले. त्यांनी पिशवीतून डायरी काढली, डायरीतून एक रंगीत फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हे माझ्या वसईच्या मित्राचं वाद्य. बघा."

पंचकोनी चौकट. कापलेले केस, उघडे खांदे. तेच सरळ नाक, जे त्यांनी तीन नवम्या खर्चून घालवलं होतं. मडम फोटोतून धडधाकट बघत होती.

"ही त्यांच्याकडे कशी?"

"त्यांच्याकडे, गोव्यात एकाकडे, कलकत्त्यात दोघांकडे. अमेरिकेत तर हजारोंनी. तिकडच्या कारखान्यात कोरणारे कारागीर बसायचे, प्रत्येक भोंग्यावर हीच काढायचे."

"खरी बाई नाही?"

"कुणाला ठाऊक, असेलही कुणी. पण देवळालीची नक्की नाही," रणपिसे हसून म्हणाले. त्यांना देवळालीचं नाव का सुचलं असावं? वाद्य तिथून आलं म्हणूनच. पण वत्सलाबाईंना ते नवसाबाईच्या तोंडून ऐकू आल्यासारखं वाटलं.

त्या सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या. मीनाने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. सोमनाथ काळजीने विचारू लागला, काय होतंय, चक्कर येतेय का.

"मी काही देवीसारखं करत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी तिचं तोंड पुसत होते. मला वाटलं तुमच्या नानांची ती."

किशोरला आधी हसू आलं आणि मग आईचा चेहरा बघून ते विरलं. सोमनाथ तर बघतच राहिला. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर उलटी होत होती. बाई ज्या घरात त्या घरात मी नाही, याचा अर्थ त्याला आता लागला, आणि आपण आईवर किती चिडलो होतो ते आठवून तो शरमला.

बोलला तो दत्तू. सत्तरीचा माणूस, मोजकं बोलणारा. "वहिनी, मास्तरांना ठाऊक हुतं."

वत्सलाबाईंनी मान वर केली.

दत्तूने सांगितलं. बाहत्तर साली त्यानेच मास्तरांना म्हटलं होतं की चित्र पार चाललंय, वहिनींना सांगा घासू नका. मास्तर म्हणाले, घासू दे रे. ती जळते म्हणून तर घासते. एवढ्या जगात माझ्यापायी जळणारं ते एकच माणूस हाय. सांगून टाकलं आणि तिचं जळणं गेलं, तर मग काय राहील?

"मला एकदा सांगायचं तरी," वत्सलाबाई म्हणाल्या. आवाज रागाचा होता. मेलेल्या माणसावर असा रोकडा राग त्यांना आठ वर्षांत आला नव्हता.

"आले हुते ना सांगाया. म्हातारपणी. मी दारातच हुतो. वाद्य घेऊन आत आले, म्हणले, वत्सला, जरा ऐक." दत्तू थांबला. पुढचं बोलावं की नाही, असं त्याला झालं असावं. "तुम्ही स्टोव्हला पंप मारला."

मीना तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली. वत्सलाबाईंना तो दिवस आठवेना. पंप त्यांनी इतक्या वेळा मारला होता की त्यातला हा कुठला, हे शोधायची सोय नव्हती. एकोणचाळीस वर्षं एका छताखाली काढली, त्याच्या अंगरख्याचं माप, त्याचा मधुमेह, चहातली साखर सगळं त्यांना पाठ होतं. ज्या गोष्टीसाठी गाव त्याला ओळखत होतं तेवढीच त्यांनी घरात येऊ दिली नव्हती. कुणावरून? वसईपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांच्या भोंग्यावर बसलेल्या एका चित्रावरून. त्यांना नाना हवे होते, आत्ता, या खोलीत, दोन वाक्यं बोलण्यापुरते.

रणपिसेंना आपण कशात येऊन पडलो ते कळलं. ते संकोचून म्हणाले, पुन्हा कधी येतो. सोमनाथने त्यांना थांबवलं. आलात तसे एकदा वाजवून बघा, त्याने विनवलं. त्यांनी आपली रीड ओली करून चोचीला बांधली. चाव्यांखालच्या गाद्या वाळल्यात, हवा सुटेल, असं आधीच सांगितलं, आणि वाजवायला लागले.

नाना नवरीच्या पाठवणीला वाजवायचे ती संथ धून होती. तिला नाव नव्हतं. रणपिसेंच्या बहिणीच्या लग्नात मास्तरांनी ती शरणपूरच्या चर्चबाहेर वाजवली होती आणि सोळा वर्षांचा शामुवेल बँडच्या मागे चालत थेट पंचवटीपर्यंत आला होता. हवा सुटत होती, दोन सूर फाटले. तरी पितळेच्या पोटातून खालचा सूर उठला तेव्हा शेजारच्या ढोलाचं कातडं आपोआप थरथरलं. किशोर, ज्याला लहानपणापासून बँडची लाज वाटायची, जो मित्रांना वडील मिलिटरीत होते असं सांगायचा, तो डोळे पुसायला लागला.

धून संपली. पहिला किशोरच बोलला. विकायची नाही, तो म्हणाला, मी नेतो इंदिरानगरला, काचेच्या कपाटात ठेवतो. आणि काल जीव तोडून नको म्हणणारा सोमनाथ म्हणाला, "नाही. सर घेऊन जाऊ देत. माझ्या ओठांत ती आता बोलणार नाही, आणि कपाटात तर नाहीच नाही." दोघं पुन्हा समोरासमोर आले, फक्त जागा बदलून. शेवटी दोघांनी आईकडे पाहिलं.

"सर नेतील," वत्सलाबाई म्हणाल्या. "घरात ठेवून काय करू? पुन्हा घासत बसू?"

ते मिटलं. मीनाने चहा टाकला. सगळ्यांना हलकं वाटलं, आणि अशा वेळी घरात जे होतं ते झालं, वाद सुरू झाला. सोमनाथ म्हणाला, डिट्टो नाना, डोळे मिटले की समोर नानाच. दत्तूला हे मान्य नव्हतं. मास्तर खालच्या सुराआधी किंचित थांबायचे, सर सरळ उतरले. किशोर म्हणाला, नानांचं याहून गोड होतं. रणपिसेंनी हात जोडले आणि कबूल केलं की वाद्य तेच असलं तरी फुंकर ज्याची त्याची असते, आपण मास्तरांच्या पासंगाला पुरत नाही. तरी सोमनाथ हटेना. तो वत्सलाबाईंकडे वळला.

"आई, तू सांग. तू रोज ऐकलंस. नानांसारखं होतं का नाही?"

हा निवाडा बायकोनेच करावा, हे सगळ्यांना पटलेलं होतं. वत्सलाबाईंनी एकेकाकडे पाहिलं. सोमनाथ, किशोर, भिंतीशी उभी मीना, दत्तू, एकदाच ऐकून जन्मभर ते सूर जपलेला हा शरणपूरचा माणूस. प्रत्येकाकडे नाना होते. वत्सलाबाईंच्या तोंडून पन्नास वर्षांत न आलेली माहेरची बोली आली.

"माले काय माहीत."

सोमनाथने आईचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. मग त्या सरकत सरकत पुढे आल्या, वाद्यासमोर, वरातीत नवरानवरीला बँडसमोर बसवतात तितक्या जवळ, आणि रणपिसेंना म्हणाल्या, "पुन्हा वाजवा. घाई नाही ना तुम्हाला?"

घाई नव्हती.

"आणि दत्तूभाऊ, तुम्ही इथं बसा. यातलं जे त्यांच्यासारखं येईल, तेवढं मला दाखवा."

दत्तू त्यांच्या शेजारी येऊन बसला. रणपिसेंनी श्वास भरला. धून सुरू झाली, वरच्या सुरांतून फिरली, आणि दत्तूचे हात मांडीवरच होते. पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्यात रणपिसे खाली उतरता उतरता जरासे थबकले, अगदी पापणी लवेपर्यंत, आणि दत्तूने बोट वर केलं.

"हे," तो कुजबुजला. "हे मास्तरांचं."

वत्सलाबाईंनी कान टवकारले तोवर सूर पुढे सरकला होता.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"येईल परत. शेवटाला एकदा येतं."

वत्सलाबाई त्याच्या बोटाकडे बघत बसून राहिल्या.